आवणीच्या दिवसांत पोर कुणाकडे?

पश्चिम अकोल्याच्या वाड्यांवर चार वर्षांचं मूल एकटं असं क्वचितच सापडतं. ते कुणाच्या तरी कडेवर असतं, नाहीतर पाठीमागे, नाहीतर मांडीवर. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून माझी नोकरीची बहुतेक वर्षं याच भागात गेली. सुट्टीला घरी आले की ओळखीच्या बायका हमखास विचारायच्या, "तिथल्या मुलांकडे लक्ष कोण देतं गं?" कुणीच देत नसणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असायचं. दरवर्षी पावसाळ्यात कुपोषणाच्या बातम्या येतात, सोबत फुगलेल्या पोटाच्या मुलाचा आणि मान खाली घातलेल्या आईचा फोटो असतो. तो बघून वाचणाऱ्याचा असा समज झाला तर नवल नाही.

पण मी जे पाहिलं ते निराळं होतं. तिथल्या घरात लेकराकडे बघणारे हात शहरातल्या घरापेक्षा जास्त असतात. वर्षातले दोन हंगाम असे येतात की ते सगळे हात एकदम कामाला जुंपले जातात, आणि मूल अडचणीत येतं ते तेव्हाच. आमची योजना मात्र बाराही महिने एकाच वेळेला उघडते आणि एकाच वेळेला बंद होते.

आधी मुलखाबद्दल. अकोले तालुका अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात आहे. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) याच तालुक्याच्या हद्दीवर, आणि हरिश्चंद्रगडही इथलाच. या दोघांच्या नावानं १९८६ साली अभयारण्य झालं. भंडारदऱ्याचं धरण त्याच्याही आधीचं, १९२६ सालचं. घाटघर, रतनवाडीच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ, वर पातळ माती आणि तीव्र उतार, त्यामुळे पाणी थांबत नाही. एप्रिल उजाडला की बायका झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरताना दिसतात. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची, काही वाड्या ठाकरांच्या. पन्नास घरं असली तर वाडी मोठी म्हणायची.

अशाच एका वाडीतलं एक घर मला जवळून बघायला मिळालं. वाडीचं नाव लिहीत नाही, आणि मुलीचंही. घरात तिला सगळे 'बाय'च म्हणायचे. मी पहिल्यांदा तिचं वजन केलं तेव्हा ती चार वर्षांची होती. घरात माणसं नऊ: आजी, आजोबा, आई, बाप, धाकटा चुलता, चुलती, चुलतीचं पाच महिन्यांचं तान्हं, आठ वर्षांची थोरली बहीण आक्का आणि ही. शिवाय दोन बैल, एक गाय, शेळ्या आणि कोंबड्या. घर कुडाचं होतं. कारवीच्या काड्या उभ्या बांधायच्या आणि त्यावर दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची. पावसाळ्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याचा जाड आडोसा बांधत, नाहीतर आषाढातल्या झडीत लिंपण धुऊन जायचं. गुरं घरातच, एका अंगाला. शहरातल्या माणसाला ते खटकतं. पण थंडीच्या दिवसांत त्या गुरांची ऊब सगळ्या घराला मिळते, आणि बिबट्याचा वावर असलेल्या मुलखात शेळी घराबाहेर बांधणं परवडत नाही.

बायचा दिवस चुलीच्या धुरानं सुरू व्हायचा. उठल्याबरोबर कोरा चहा आणि रात्रीची भाकरी. हा कोरा चहा आम्हा अंगणवाडीवाल्यांच्या काळजीचा विषय आहे, कारण त्यानं लहान मुलाची भूक मरते आणि अंगात काही जात नाही. चहा झाला की तिचं पहिलं काम ठरलेलं, कोंबड्यांवरचं डालगं उचलायचं. पिल्लं मोजायची ती बोटावर, पाचाच्या पुढे गेलं की आजोबांना हाक मारायची. मग चुलीला काटक्या आणून द्यायच्या आणि तान्ह्याची झोळी हलवायची. "हे कर, ते कर" असं तिला कुणी बसवून शिकवलेलं मी बघितलं नाही. मोठी माणसं काम करत, ती शेजारी उकिडवी बसून बघत असे आणि एके दिवशी हात घाली. चुकलं तर आजी हात धरून पुन्हा करून घेई, बोलत नसे.

आजोबांबरोबर शेळ्यांमागे जाऊन जाऊन तिला रान कळत होतं. पहिल्या पावसानंतर चाई कुठे फुटते, कुर्डूची भाजी कोवळी असेपर्यंतच खुडायची, तेऱ्याच्या पानांनी घशाला खाज सुटते म्हणून त्यात आंबट घालावं लागतं, हे ती मला सांगायची, आणि तेही मी कुणी अडाणी पाहुणी असल्यासारखं, नीट समजावून. खेकड्याला मागून कसं धरायचं तेही तिनंच मला दाखवलं. आमच्या नोंदवहीत 'शाळापूर्व शिक्षण' असा रकाना असतो. चार वर्षांच्या मुलीला जे ठाऊक होतं त्यातलं काहीही त्या रकान्यात भरता येत नव्हतं, याची मला तेव्हाही चुटपुट वाटे.

दुपारची भाकरी आजी थापायची. नागलीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून परातीत मळायचं, हाताला पाणी लावायचं आणि गोल फिरवत थापत जायचं. मोठ्यांच्या भाकऱ्या झाल्या की परातीच्या कडेला राहिलेलं पीठ गोळा करून ती एक चानकी करायची, तळहाताएवढी. ती बायची. तव्यावरून उतरवून निखाऱ्याशी उभी केली की चानकी टम्म फुगे. बाय डोळे न हलवता तिच्याकडे बघत राही. फुगली की आजी बोटानं वरचा पापुद्रा फोडून वाफ घालवी, आत मीठ आणि खुरासणीची चटणी भरी आणि फुंकर घालून तिच्या हातात देई. आक्कानं मागितली तरी ती मिळत नसे, कारण धाकट्या लेकरासाठी चानकी करायचीच, हा त्या घराचा नियम होता. त्याच एका भाकरीमुळे त्या पोरीला दोन जेवणांच्या मध्ये एक जादा जेवण मिळत होतं. ही गोष्ट महत्त्वाची आहे. लहान मुलाचं पोट लहान असतं. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं लागतं, आणि ते कुणीतरी समोर बसून भरवावं लागतं. घरात धान्य असूनही मूल खंगतं ते याच ठिकाणी.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ताजा आहार मिळतो. नियमानं त्यात कॅलरी आणि प्रथिनं ठरावीक प्रमाणात असायला हवीत. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळतात. हे सगळं चांगलंच आहे, आणि आमच्या सेविकांनी भर पावसात डोक्यावरून अंडी वाहून नेऊन ते टिकवलं आहे. पण अंगणवाडी काही तास चालते. उरलेला सगळा दिवस आणि रात्र मूल घरच्यांकडे असतं.

आणि घरच्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळ कुणाकडे, तर आठ वर्षांच्या आक्काकडे. ती दुसरीत होती. आई पाण्याला गेली, आजी सरपणाला गेली की बाय आक्काच्या कडेवर. एका अंगाला झुकून, कंबर बाहेर काढून चालायची सवय आक्काला सहाव्या वर्षीच लागली होती. शाळेतही ती बहिणीला घेऊन जायची. गुरुजी समंजस होते, दोघींना बसू द्यायचे. हजेरीत आक्का हजर, आणि पाटीवर 'क' गिरवताना मांडीवर बहीण झोपलेली. साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी मात्र बायला कुणीतरी बाहेर घेऊन जायचं. मुलगी शाळेत येते पण मागे राहते, अशी तक्रार पुढे चौथीत ऐकू येते. तिच्या कडेवर दोन वर्षं कोण बसलं होतं, ते कुणी विचारत नाही.

आता त्या दोन हंगामांकडे येते.

पहिला आवणीचा. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजलेला असतो, जूनमध्ये त्यात भात पेरतात, आणि जुलैत रोप हातभर झालं की ते उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायचं. रोप जास्त दिवस राहिलं तर वाढ मारली जाते, पाऊस मध्येच दडी मारतो, आणि बैल सगळ्यांकडे नसतात. म्हणून पडकई: आज सगळ्यांनी मिळून तुमचं शेत, उद्या आमचं. ज्यांनी आपल्या खाचरात दिवस भरला त्यांच्या खाचरात आपण जायचंच. त्यात म्हातारीला सूट नसते आणि तान्ह्याच्या आईलाही नसते. एकदा मी आजीला म्हटलं, तुम्ही तरी घरी थांबा. ती म्हणाली, "बाई, माझ्या जागी दुसरं कोण वाकल? आवणी थांबत नाय कुणासाठी."

त्या दिवसांतलं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून तसंच आहे. बांधावर एक इरलं पालथं टेकवलेलं. बांबूच्या कामट्यांचं, आत पानं घातलेलं. त्याखाली बाय बसलेली, मांडीवर तान्हं, पाय पोटाशी घेतलेले. पाऊस आडवा येत होता, म्हणून इरल्याची पाठ वाऱ्याकडे केलेली. समोर खाचरात ओळीनं बायका कमरेत वाकलेल्या, हात भराभर चाललेले. त्यात आई, चुलती, आजी तिघीही. तान्हं रडलं की चुलती चिखलातून वर येई, ओढ्याच्या पाण्यानं हात धुई, त्याला पाजी आणि पुन्हा खाली उतरे. बाय रडत नव्हती. फडक्यात बांधून आणलेली भाकरी तिच्याजवळ होती, पण थंडगार आणि ओली. तिनं तिचे दोन घास खाल्ले होते. चानकी करायला चुलीपाशी कुणी नव्हतंच.

जुलै-ऑगस्टमध्ये या घरांत सगळंच एकदम येतं. मागल्या वर्षीचं भात कणगीच्या तळाला गेलेलं असतं. ओढ्याचं पाणी गढूळ होऊन जुलाब सुरू होतात. ओल्या घरात चूल जास्त धुमसते आणि खोकले छातीत जातात. ओढे भरले की रस्ता बंद, १०८ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते, तिथवर माणसाला डोली करून न्यावं लागतं. आणि नेमकी याच दिवसांत आई, आजी, चुलती पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत खाचरात. मूल आजारी पडायची शक्यता सगळ्यात जास्त आणि त्याच्याजवळ माणूस सगळ्यात कमी, असे हे सहा आठवडे. आम्ही दंडाला पट्टी लावून घेर मोजतो. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यावर हिरवा. बायचा दंड मे महिन्यात हिरव्यात होता. ऑगस्टमध्ये तो पिवळ्यात आला. घरात तिच्यावर कुणाचा जीव नव्हता असं म्हणायची कुणाची हिंमत होईल?

दुसरा हंगाम भात झोडून झाल्यावर येतो. खाचरं एकपिकी, पाणी नाही, म्हणून दिवाळी सरली की जोडपी घाट उतरून नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या बाजूला कामाला जातात. नारायणगावच्या मजूर बाजारात सकाळी उभं राहायचं, शेतकरी येऊन टोळी ठरवतो. कांदा लागण, खुरपणी, द्राक्षबागेतली कामं. काही घरं होळीला येऊन पुन्हा जातात, काही थेट पावसाच्या तोंडावर परततात. बायचे आई-बाप गेले, चुलता-चुलती गेले. तान्हं अंगावर पितं, ते आईबरोबर गेलं आणि कांद्याच्या शेताच्या बांधावर साडीच्या झोळीत वाढलं. आता अशा मुलांची नोंद मोबाइलवर होते, दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत त्याला आहार मिळायला हवा. पण टोळी आठ दिवसांनी शेत बदलते, आणि तिथली सेविका त्या मुलाला शोधणार तरी कुठे?

बाय आजीकडे राहिली. पहिले दोन दिवस दाराकडे बघत बसायची, मग विचारणं बंद झालं. वाडीच्या वर एका खडकावर मोबाइलची रेंज मिळते. रविवारी आजोबा तिला खांद्यावर घेऊन तिथे जात. आई पलीकडून काही विचारी, बाय फोन कानाला लावून नुसती मान हलवी. तरी मी सांगेन, हे चार महिने तिला आवणीपेक्षा बरे गेले. कणगी भरलेली होती, आजी घरात होती आणि रोजची चानकी पुन्हा सुरू झाली होती. पिवळ्यातला दंड पौषात हिरव्यात आला. आजीचे गुडघे मात्र वर्षागणिक जास्त दुखत होते. ती अंथरुणाला खिळली असती तर आक्काची शाळा त्याच दिवशी सुटली असती. या आजीसाठी आमच्या एकाही नोंदवहीत रकाना नव्हता.

मूल सांभाळणारे हात कामात गुंतले की काय होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना ते फार पूर्वी समजलं होतं. १९४५ साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. पाड्यातली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुली कडेवर भावंडं घेऊन यायच्या किंवा भावंडांपायी यायच्याच नाहीत. ताराबाईंनी त्या मुलींना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून त्यांनी विकासवाडी केली, म्हणजे बहीण शिकेल आणि भावंड शेजारच्या खोलीत राहील. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षकालाच कुरणात पाठवलं. घरच्या कामाचं वेळापत्रक बदलायला घराला सांगायचं नाही, शाळेनं आपलं बदलायचं, अशी ही रीत होती. पुढे १९७५ साली देशभर एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, महाराष्ट्रात तिची सुरुवात मेळघाटातल्या धारणीत झाली. वजनकाटा आला, आहार आला, लस आली. यातल्या प्रत्येक गोष्टीनं मुलं वाचवली आहेत. पण ताराबाईंचं पाळणाघर मात्र वाटेत कुठेतरी मागे राहिलं.

आमच्या भागात एका वर्षी आम्ही ते करून पाहिलं. आवणीच्या दिवसांत सेविकेनं आणि वाडीतल्या दोन थकलेल्या, खाचरात उतरू न शकणाऱ्या बायकांनी समाजमंदिरात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मुलं सांभाळली. घरटी रोज मूठभर तांदूळ आणि एक लाकूड. दिवसातून चार वेळा गरम खायला, उकळलेलं पाणी, दुपारी गोधडीवर झोप. तान्ह्यांच्या आया मधून येऊन पाजून जायच्या. आक्काला महिनाभर मोकळ्या कमरेनं शाळेत जाता आलं. त्या ऑगस्टमध्ये बायचा दंड उतरला नाही. दुसऱ्या वर्षी मात्र त्या दोन बायकांना द्यायला मानधन नव्हतं, कुठल्याच लेखाशीर्षात ते बसत नाही असं उत्तर मिळालं, आणि काम थांबलं.

आज ती सबब उरलेली नाही. पश्चिम अकोले अनुसूचित क्षेत्रात येतं, आणि २०१५ पासून अशा गावांना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते, आणि आरोग्य-शिक्षणाची कामं त्यात बसतात. केंद्राच्या २०२२ सालच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघराची सोयही आहे. रोजगार हमीच्या २००५ सालच्या कायद्यात तर पाच मुलं कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी असं स्पष्ट लिहिलं होतं. रोहयोच्या कामावर जे कायद्याला पटलं, ते स्वतःच्या खाचरात वाकणाऱ्या बाईला का लागू नये?

लागतं ते फार थोडं आहे. सहा-सात आठवडे एक कोरडी खोली, दोन म्हाताऱ्या बायकांचं मानधन, तांदूळ, डाळ, तेल आणि सरपण. तुम्ही हरिश्चंद्रगडाला, कळसूबाईला जाता, पायथ्याच्या घरात पिठलं-भाकरी खाता, मुलांना चॉकलेटं वाटता. चॉकलेटं नेऊ नका. ज्या घरी जेवता त्या घराला जेवणाचे पुरते पैसे द्या, आणि निघताना विचारा, तुमच्याकडे आवणीत मुलं कोण बघतं? सह्याद्रीत, सातपुड्यात, मेळघाटात कुणी शिक्षक, ग्रामसेवक, सरपंच तुमच्या ओळखीचे असतील तर हा विषय त्यांच्या कानावर घाला. ग्रामसभा १ मे रोजी असते, आणि पावसाळी पाळणाघराचा ठराव तिथेच व्हायला हवा. १५ ऑगस्टच्या सभेपर्यंत थांबलं तर तोवर आवणी उरकलेली असते.